इंदूर, मार्च आणि हनी सिंगचा खर्ज

शुक्रवार, 7 मार्च

रॅपर हनी सिंगचा दौरा जाहीर झाला तेव्हा त्यात पुणं होतं आणि इंदूरही होतं. धुळ्याच्या माणसाला पुण्यापेक्षा इंदूर जवळ, शिवाय इंदूरला माझी मावशी. मावसबहीण मुग्धाने तिकिटं काढून टाकली आणि मला फक्त कळवलं, 8 मार्च, शनिवार, येच. क्लिनिकच्या दारावर सुट्टीची पाटी लावून शुक्रवारी सकाळी देवपूरहून बस पकडली.

सोनगीर, नरडाणा, तापीचा पूल, शिरपूर, पळासनेर. तिथे महाराष्ट्र संपतो आणि बिजासनचा घाट चढून गाडी सेंधव्याला लागते. सातपुड्यात पळस फुलला होता. खलघाटला नर्मदेचा पूल आला तशा बसमधल्या बायकांनी हात जोडले, "नर्मदे हर" म्हणाल्या. पुढच्या सीटवरच्या आजींनी खिडकीतून नाणं टाकलं. मीही हात जोडले. मग धामनोद, मानपूरचा घाट. माळव्याच्या पठारावर आलं की खिडकीतून येणारी हवा बदलते, हे मला प्रत्येक वेळी जाणवतं. राऊ ओलांडलं की इंदूर आलंच.

एवढ्या लांब एका रॅपरला ऐकायला का, हे नीट सांगायला हवं. मी कान तपासते. ऑडिओमेट्री, श्रवणयंत्रं, लहान मुलांच्या चाचण्या, हा माझा धंदा. आणि हनी सिंगचा 'इंटरनॅशनल व्हिलेजर' 2011 मध्ये आला तेव्हा मी कॉलेजात होते. त्या वर्षी गाणी विकत कुणी घेत नव्हतं. कोपऱ्यावरच्या मोबाइल दुकानात मेमरी कार्ड दिलं की दुकानदार पंजाबी, रिमिक्स, नवीन पिक्चर असे फोल्डर भरून देई. हॉस्टेलच्या खोलीत एकीच्या फोनवर 'ब्राऊन रंग' आलं की रात्रीतून ब्लूटूथने ते मजलाभर पसरायचं. मे महिन्यात इंदूरला आले तर मुग्धाच्या फोनमध्येही तेच. गच्चीवर गाद्या टाकून फोन मध्ये ठेवायचा आणि ऐकत पडायचं.

आता कामाच्या नजरेने पाहिलं तर त्या फोनमधून आम्हाला काय ऐकू येत होतं? फोनचा स्पीकर नखाएवढा. साधारण 300 ते 400 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या, खालचं तो जवळपास वाजवूच शकत नाही. हनी सिंगच्या गाण्याचा पाया मात्र त्याच्या बऱ्याच खाली आहे. रोलंड कंपनीचं 808 नावाचं ड्रम मशीन 1980 मध्ये आलं. त्याचा लांबत जाणारा, घुमणारा ठोका हिप-हॉपने असा उचलला की आजतागायत सोडलेला नाही. तो ठोका 50 हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणजे तुंबीची, त्या पंजाबी एकतारी वाद्याची, तार आम्हाला ऐकू यायची, टाळी यायची, हनी सिंगचा आवाज यायचा, पण ज्याच्यावर हे सगळं उभं होतं ते नाही. मेंदू वरच्या स्वरांवरून खालचा स्वर अंदाजाने भरून काढतो, म्हणून आम्हाला काही कमी वाटलं नाही इतकंच. ज्या गाण्यांवर आमची सगळी तरुण वर्षं नाचली, ती आम्ही अर्धीच ऐकली होती. उरलेला अर्धा भाग मला एकदा पूर्ण, अंगावर घेऊन ऐकायचा होता.

मावशीचं घर लोकमान्य नगरात. सासरकडचे होळकरांच्या काळापासून इंदूरचेच, त्यामुळे घरात मराठी बोलतात ती माळव्याची चव असलेली. "आली न गं, सामान ठेव आणि आधी पाणी पी, बाकी नंतर," ही मावशी. काका आरामखुर्चीत. त्यांच्या खोलीत एका भिंतीला रेकॉर्डी आणि दोन भलेमोठे जुने स्पीकर, लाकडी पेटीचे, ज्यांना हात लावायची परवानगी घरात कुणालाच नाही. काका गायक उस्ताद अमीर खाँसाहेबांचे भक्त. खाँसाहेब इंदूरचे, हे ते पाहुण्याला पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. लताबाईंचा जन्मही इंदूरचाच, 1929 चा, हे त्याच्या पुढच्या पाच मिनिटांत.

मी त्यांना फोनचं आणि 808 चं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तुम्हा पोरींना त्याचा खर्ज कधी मिळालाच नाही."

"नाहीच मिळाला, काका."

"मग जायलाच पाहिजे. खर्ज यंत्रातून अर्धा येतो. खाँसाहेब मंद्रात उतरायचे तेव्हा माझे थोरले बंधू सांगायचे, समोर बसलेल्याच्या छातीत कळायचं."

मुग्धा माझ्याकडे बघत राहिली. काकांकडून हनी सिंगला इतकी सहज परवानगी मिळेल असं तिला वाटलं नव्हतं.

रात्री सराफ्यात गेलो. दिवसा सोन्याचांदीची दुकानं, रात्री शटर खाली आली की त्याच ओट्यांवर खाण्याच्या गाड्या. भुट्ट्याचा कीस खाल्ला. किसलेलं कोवळं कणीस दुधात शिजवतात, वर खोबरं आणि कोथिंबीर. गराडू हा कंद म्हणजे थंडीचं खाणं, तरी एका ठिकाणी अजून तळत होते. मुग्धाचा धाकटा भाऊ ओंकार तिथे येऊन मिळाला. तो बावीस वर्षांचा. त्याच्यासाठी हनी सिंग म्हणजे 2024 चं 'मिलियनेअर', आणि बाकीची गाणी म्हणजे दीदी लोकांची जुनी गाणी. 'ब्लू आइज' जुनं गाणं! 2013 चं. हिशेब केला तर तो तेव्हा दहा वर्षांचा होता, म्हणजे त्याचं बरोबरच आहे.

शनिवार, 8 मार्च

सकाळी पोहे-जिलेबी. इंदूरचे पोहे उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफेवर गरम ठेवतात, म्हणून ते मऊ आणि हलके लागतात; वरून सेव, कांदा आणि जीरावन मसाला. जीरावनची पुडी मी दर वेळी धुळ्याला नेते आणि ती महिनाभरही पुरत नाही.

खाता खाता मावशीने विचारलं, "आज महिला दिन आहे न? आणि तुम्ही दोघी त्याला ऐकायला चाललात, ज्याच्या गाण्यांवर बायकांनी मोर्चे काढले होते?"

प्रश्न खरा होता आणि मावशीने तो टोमणा म्हणून विचारला नव्हता. डिसेंबर 2012 मध्ये, दिल्लीच्या निर्भया घटनेनंतर, त्याच्या नावावर फिरणाऱ्या एका अत्यंत हिंसक गाण्यावरून देशभर संताप झाला. वर्षअखेरचा त्याचा गुडगावचा कार्यक्रम रद्द करावा लागला. ते गाणं आपलं नाही, असं तो सांगत आला आहे. ते गाणं बाजूला ठेवलं तरी त्याच्या कितीतरी गाण्यांत बाई म्हणजे कपडे, चाल आणि रंग एवढीच असते, आणि दारू तर सगळीकडे. मी मावशीला सरळ सांगितलं की मला ते तेव्हाही खटकायचं, आजही खटकतं. माझ्या यादीतून काही गाणी मी कायमची काढून टाकली आहेत. पण हॉस्टेलच्या गच्चीवर वीस मुली एका फोनभोवती बिनधास्त नाचल्या, ते नाचणं आमचं होतं. कुणी बघत नव्हतं, कुणी रोखत नव्हतं. ते मी त्याच्या शब्दांच्या हवाली करणार नाही.

मावशी म्हणाली, "ठीक आहे. पण परत येताना उशीर झाला तर फोन कर, काका येतील." आणि आम्हाला आणखी पोहे वाढले.

निघण्याआधी मी सगळ्यांना फोमचे इअरप्लग वाटले. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी मर्यादा सांगितली आहे, सरासरी 100 डेसिबलच्या वर नको. शंभर हाच मुळात इतका मोठा आवाज आहे की त्यात पाव-अर्ध्या तासावर उघड्या कानांनी थांबू नये. प्लग लावला की गाणं ऐकू येत नाही हा समज चुकीचा. नीट बसवलेला फोमचा प्लग वरचे स्वर जास्त कापतो, खालचे कमी. आणि आज मला खालचेच हवे होते. शिवाय खर्ज फक्त कानातून येत नाही. मुग्धाने प्लग घेतले. ओंकारने "ताई, मजा जाईल" म्हणत खिशात टाकले.

मैदान शहराबाहेर, बायपासच्या बाजूला. दुपारी निघालो तरी रस्ता भरलेला. उज्जैन, देवास, खंडव्याच्या पाट्यांच्या गाड्या, एकेका मोटारसायकलवर तिघं. मनगटाला पट्टा बांधायच्या रांगेत बराच वेळ गेला. बायकांची रांग वेगळी होती पण तपासणीला माणसं कमी, त्यामुळे ती सरकतच नव्हती. पाण्याची बाटली आत नेऊ देत नाहीत, हे आयोजकांनी तिकिटावर मोठ्या अक्षरांत छापायला हवं. उन्हात उभ्या कॉलेजच्या मुलींनी शेवटचा घोट एकमेकींना देऊन बाटल्या टाकल्या.

या रांगेतच मला दिवसातली पहिली मोठी गोष्ट मिळाली. आत डीजेने सुरुवात केली होती. पत्र्याच्या कुंपणाच्या पलीकडे गाणं चालू होतं आणि आम्हाला त्यातलं फक्त तळाचं ऐकू येत होतं. शब्द नाहीत, तुंबी नाही, टाळी नाही. फक्त धम्म, धम्म, आणि पत्रा थरथरतोय. 50 हर्ट्झची लाट जवळजवळ सात मीटर लांब असते. कुंपण, माणसं, गाड्या, भिंती, तिला यातलं काही अडवत नाही, ती वळसा घालून येते. वरचे स्वर मात्र आडोशाला थांबतात, गर्दीच्या अंगावरच्या कपड्यांतही मुरतात. म्हणून लांबच्या लग्नाचा डीजे आपल्याला नेहमी नुसत्या ठोक्यांत ऐकू येतो. मी मुग्धाला म्हटलं, बघ, फोनमध्ये आपल्याला वरचा अर्धा भाग मिळाला होता, हा खालचा. आत गेलो की जोडले जातील. ती म्हणाली, "ताई, तू चाल. रांग सरकली."

आत गेल्यावर मी आधी स्पीकर पाहिले. रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना वरून टांगलेल्या कमानदार रांगा, आणि खाली जमिनीवर, माणसांच्या रेलिंगच्या मागे, सबवूफरच्या काळ्या पेट्यांची भिंत. मैदानाच्या मध्यावर आणखी दोन मनोरे. ते का असतात हे ओंकारला सांगितलं. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. शंभर मीटरवर उभ्या माणसाला रंगमंचावरचा ठोका जवळजवळ तीन दशांश सेकंद उशिरा पोहोचतो. मनोऱ्यांतला आवाज जर त्याच क्षणी सोडला तर मागच्या लोकांना प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येईल. म्हणून मनोऱ्यांना मोजून तेवढा उशीर देतात. ओंकार इंजिनिअरिंगचा, त्याला हे आवडलं. त्याने फोनवर लगेच गुणाकार करून पाहिला.

आम्ही मध्यावर, मिक्सरच्या चौथऱ्याच्या थोडं पुढे उभ्या राहिलो. तंत्रज्ञ जिथे बसून आवाज जुळवतो त्याच्या जवळची जागा सगळ्यात चांगली, कारण तो स्वतःच्या कानाला बरं लागेल तसं जुळवतो. पुढे जाऊन चेंगरण्यापेक्षा ही जागा निवडावी, असं माझं ठाम मत आहे.

सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळला. आजूबाजूला बघितलं तर गर्दीचे सरळ दोन भाग पडले होते. ओंकारच्या वयाची मुलं, चमकदार शर्ट, एकेकाच्या गळ्यात जाड साखळी. आणि आम्ही, तिशी ओलांडलेले, बाळाला आजीकडे ठेवून आलेले, ऑफिसची बॅग पाठीवर असलेले. आमच्या पुढे एक जोडपं मराठीत बोलत होतं, रामबागेतलं निघालं. ती मुग्धाच्या शाळेत दोन वर्षं पुढे होती. इंदुरात दोन मराठी माणसं भेटली आणि ओळख निघाली नाही असं होत नाही.

वाट बघताना हनी सिंगच्या मधल्या वर्षांचं बोलणं निघालं. 2014 पर्यंत तो सगळीकडे होता. 'पार्टी ऑल नाइट', 'लुंगी डान्स', 'चार बोतल वोडका', 'देसी कलाकार'. मग अचानक नाहीसा झाला. अफवा पुष्कळ उठल्या. नंतर त्याने स्वतः सांगितलं की बायपोलर आजार होता, घराबाहेर पडणंसुद्धा अशक्य झालं होतं, औषधं चालू होती. डिसेंबर 2024 मध्ये त्याच्यावरचा माहितीपट नेटफ्लिक्सवर आला, त्यातही हे आहे. माफिया मुंडीर या त्याच्या टोळीतले बादशाह, रफ्तार, इक्का तोवर आपापल्या वाटेने मोठे झाले होते. 2018 अखेर 'मखना' आलं तेव्हा माझ्या मैत्रिणींच्या ग्रुपवर एकच संदेश आला होता: तो बरा आहे. माझ्या क्लिनिकमध्ये कान बरे असून फक्त आवाज ऐकू येतात म्हणून आलेल्या पेशंटना मानसोपचाराकडे पाठवायला घरचे किती विरोध करतात, ते मी बघते. एवढ्या मोठ्या नावाच्या माणसाने आजाराचं नाव उघड घेतलं, याची मला फार किंमत वाटते. शब्दांसाठी त्याच्यावर राग असला तरी ही किंमत कमी होत नाही.

आणि मग तो आला.

पहिला ठोका पडला आणि मी मुग्धाचा दंड धरला. छातीच्या हाडावर, गळ्याच्या खळग्यात, पोटऱ्यांत, एकाच वेळी. पायाखालची जमीन हलकी हलली. श्वास त्याच्या तालावर आत-बाहेर होऊ लागला. कामापुरती ही माहिती मला होती. कमी कंपनसंख्येचा मोठा आवाज शरीराच्या पोकळ्यांना जाणवतो, त्वचेला जाणवतो. पूर्ण बहिरी मुलं ढोलाच्या कातड्यावर तळवा ठेवून ताल धरतात, ते मी रोज बघते. पण माझ्या स्वतःच्या अंगावर ते पहिल्यांदाच असं आलं.

'ब्राऊन रंग' लागलं तेव्हा पहिल्या दोन सेकंदांत गर्दीला कळलं. आमच्या वयाची सगळी माणसं एकदम ओरडली, ओंकारच्या वयाची दोन सेकंदांनी. वरचा भाग मला शब्दाशब्दाने पाठ. तुंबी कुठे येणार, तो कुठे थांबणार, टाळी कुठे. आणि त्याच्याखाली, प्रत्येक शब्दाच्या खाली, एक संपूर्ण दुसरं गाणं चालू होतं जे मी कधी ऐकलं नव्हतं. तळाचा स्वर एकाच जागी थांबत नव्हता, तो सरकत होता, खाली घसरत होता, एका ठिकाणी गायब होऊन पुन्हा येत होता. जिथे मला वाटायचं की इथे काहीच नाही, नुसती मोकळी जागा आहे, तिथे तो होता. इतकी वर्षं ती जागा मी रिकामी समजून गुणगुणत होते.

माझे डोळे भरून आले. मुग्धा नाचायची थांबली, माझ्याकडे बघितलं, आणि काहीही न विचारता माझ्या खांद्यावर हात टाकून पुन्हा नाचायला लागली.

ज्यांनी कधी हिप-हॉप मैदानात ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते, यात गायकाचं काम गळा लावण्याचं कमी आणि माणसं हलवण्याचं जास्त असतं. मागे ट्रॅक चालतो, तो त्यावर बोलतो, ओळीचा शेवट गर्दीकडे सोडतो. कीर्तनात बुवा अर्धा चरण म्हणून टाळकऱ्यांकडे बघतात, तसं. गर्दीने ओळ उचलली नाही तर कार्यक्रम पडतो. इंदूरने एकही ओळ पडू दिली नाही. 'ब्लू आइज'ला तर रामबागेतला तो नवरा, जो तोवर बायकोची पर्स धरून शांत उभा होता, तोंडपाठ सगळं म्हणत सुटला आणि त्याची बायको त्याच्याकडे बघतच राहिली.

'मिलियनेअर'ला ओंकारची पाळी. त्याच्या वयाच्या मुलांनी मैदान ताब्यात घेतलं. मला ते गाणं आजवर फारसं भिडलं नव्हतं. त्या रात्री भिडलं, कारण मिश्रण बदललं आहे. 2011 च्या गाण्यांत तळ जाड आणि गोल आहे, वरचं सगळं एकमेकांत मिसळलेलं. आताच्या गाण्यात प्रत्येक थर वेगळा, मध्ये भरपूर मोकळं, तळ कोरडा आणि नेमका. आताचा श्रोता कानात इअरबड घालून ऐकतो, त्याला तळ मिळतो, म्हणून बनवणाराही तसं बनवतो. ओंकारच्या पिढीला गाणं पहिल्या दिवसापासून पूर्ण मिळालं आहे. मला त्याचा हेवा वाटला आणि आनंदही झाला.

रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक चालवता येत नाहीत, 2000 सालचा नियम आहे, त्यामुळे फार उशीर झाला नाही. बाहेर पडायला मात्र वेळ लागला. बायपासपर्यंत चालत आलो. रस्त्यावर गाडीच गाडी, आणि प्रत्येक गाडीत तीच गाणी. मी प्लग काढले आणि पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकला. ओरडून बसला होता. काका खरंच गाडी घेऊन आले होते, उड्डाणपुलाच्या अलीकडे उभे. बसल्या बसल्या विचारलं, "मिळाला खर्ज?"

"छातीत कळला, काका."

रविवार, 9 मार्च

ओंकार उठला तो कान चोळत. सगळं कापूस घातल्यासारखं ऐकू येतंय आणि बारीक शिट्टी वाजतेय म्हणाला. मोठ्या आवाजाने आतल्या कानातल्या केसपेशी थकतात; सहसा एक-दोन दिवसांत सावरतात, पण हेच वारंवार झालं तर त्या कायमच्या जातात आणि पुन्हा उगवत नाहीत. त्याला सांगितलं, आज इअरबड नाही, हॉर्न नाही, शिट्टी परवापर्यंत राहिली तर इथल्या डॉक्टरांना दाखव. त्याने निमूटपणे ऐकलं.

सकाळी मुग्धा आणि मी कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी जाऊन बसलो. खान नदीच्या काठावरच्या होळकरांच्या छत्र्या, कोरीव दगडी खांब. फार काही बोललो नाही. तिथून राजवाड्यावर. खालचे मजले दगडी, वरचे लाकडी. 1984 मध्ये जळाला, पुन्हा उभा केला. रंगपंचमीच्या गेरची, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीची, चर्चा सगळ्या दुकानांत चालू होती. मुग्धा म्हणाली थांब रंगपंचमीपर्यंत, पण पेशंटच्या तारखा दिलेल्या.

दुपारपासून घरात दुसरं काही शक्यच नव्हतं. दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीची अंतिम लढत, न्यूझीलंडविरुद्ध. त्यांनी 251 केल्या. रोहितने 76 करून पाया घातला, मधे श्वास अडकला, आणि 49 व्या षटकात जडेजाने चौकार मारून संपवलं. चार गडी राखून. पुढच्या मिनिटाला अख्ख्या कॉलनीतून गाड्या निघाल्या. इंदुरात सामना जिंकला की राजवाड्यावर जायचं, हे सांगावं लागत नाही. आम्हीही गेलो, ओंकारच्या कानात या वेळी प्लग. तिरंगे, ढोल, फटाके, एकमेकांच्या खांद्यावर चढलेली मुलं, आणि एका टेम्पोवरच्या डब्यांतून कुठलंतरी पंजाबी गाणं. कुणाचं ते कळेना, कारण लांबून नुसता ठोकाच येत होता. मुग्धा आणि मी एकाच वेळी एकमेकींकडे बघून म्हणालो, खालचा अर्धा!

सोमवार, 10 मार्च

बस अकराची. पोह्यांनंतर काकांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं आणि म्हणाले, "लाव ते तुझं."

त्यांच्या लाकडी स्पीकरांना फोन जोडायला ओंकारला तार शोधावी लागली. मी 'ब्राऊन रंग' लावलं. काका डोळे मिटून शेवटपर्यंत बसले. मावशी दारात उभी. गाणं संपल्यावर त्यांनी पहिला अभिप्राय दिला, शब्द वाईट आहेत. दुसरा दिला, तुंबीवाल्याचा हात चांगला आहे. मग थोडं थांबून म्हणाले, "खालचा जो स्वर धरलाय न, तो हलतोय, पण सुरात हलतोय. पोराला कान आहे."

मग त्यांनी खाँसाहेबांचा मारवा राग लावला आणि मला उठू दिलं नाही. मुग्धाने दोनदा घड्याळ दाखवलं. खाँसाहेब मंद्रात उतरले तेव्हा लाकडी पेटीवर मी तळवा ठेवला. काकांनी पाहिलं आणि काही बोलले नाहीत, हात काढायलाही सांगितलं नाही. षड्ज, म्हणजे सा, टाळत टाळत मारवा चालतो, आणि जेव्हा तो शेवटी लागतो तेव्हा इतक्या खाली की तळव्यालाच आधी कळतो. अकराची बस गेली. साडेबाराची मिळाली.

निघताना मावशीने जीरावनची पुडी दिली, काकांनी मारव्याच्या रेकॉर्डचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. मानपूरच्या घाटात ओंकारचा संदेश आला की शिट्टी थांबली आहे आणि इअरप्लगचा डबा कुठे मिळतो. मी दुकानाचं नाव कळवलं, आणि कोणत्या मापाचे घ्यायचे तेही.